छातीपर्यंत म्हणजे किती फूट?

वाचकांचे प्रश्न. उत्तरं देत आहेत सांगलीत 31 वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एक प्राध्यापिका.

प्रश्न : मॅडम, पाटण तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, भूगोल शिकवतो. बी. ए. भाग दोनला पटावर 58, प्रत्यक्ष वर्गात वीस-बावीस. गुगल क्लासरूम सुरू केलं, कहूटवर फोनवरची प्रश्नमंजुषा घेतली, पीपीटीत ॲनिमेशन घातलं. पंधरा दिवस मुलं खूश होती, नंतर पुन्हा माना खाली. प्राचार्य म्हणतात, नॅकचं मूल्यांकन आलंय तोंडावर, आयसीटी, म्हणजे संगणक-इंटरनेटसारखं तंत्रज्ञान, वापरल्याचं दिसलं पाहिजे. मुलं टिकून राहतील असं एखादं चांगलं ॲप सुचवा.

उत्तर : सर, ॲपचं नाव सांगते, पण जरा दमानं. आधी माझ्या वर्गातली 2022 च्या पावसाळ्यातली एक गोष्ट ऐका.

पूर हा धडा मी वीसेक वर्षं फळ्यावर शिकवत आले होते. पूरमैदान, पाणलोट क्षेत्र, समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. मुलं उतरवून घेत, मी पुढं जाई. त्या वर्षी फळ्याकडं तोंड करून ‘पूर म्हणजे’ असं लिहिलं आणि माझंच मला कसंतरी झालं. समोरच्या निम्म्या पोरांच्या घरात 2019 ला पाणी शिरलेलं, 2021 ला पुन्हा शिरलेलं. गाळ उपसून उपसून त्यांच्या हातांना घट्टे पडलेले. आणि मी त्यांना पुराची व्याख्या सांगणार!

खडू ठेवला. घरी येऊन गुगल फॉर्म केला, सहा प्रश्नांचा. प्रत्येकानं आपल्या गल्लीतली पाच घरं घ्यायची, घरातल्या थोरल्या माणसाला विचारायचं आणि फॉर्म भरायचा. पाचवा प्रश्न होता, ‘2019 ला पाणी कुठपर्यंत आलं होतं?’ त्याला पर्याय दिले नाहीत, जागा मोकळी सोडली. ही माझी चूक. पण त्या सहामाहीत जे काही चांगलं घडलं, ते सगळं त्या चुकीमुळंच.

उत्तरं पडद्यावर लावली. ‘छातीपर्यंत.’ ‘मीटरच्या पेटीपर्यंत.’ ‘देव्हारा बुडला, वरचा कोनाडा राहिला.’ ‘माडीची चौथी पायरी.’ एकानं नुसतंच लिहिलेलं, ‘लई.’ वर्ग हसला. हसू ओसरल्यावर मागच्या बाकावरचा एक पोरगा, ज्याच्या तोंडून वर्षभरात ‘हजर’ याच्यापलीकडं मी काही ऐकलं नव्हतं, म्हणाला, “मॅडम, पण छातीपर्यंत म्हणजे कुणाच्या?”

उत्तर लिहिणारी मुलगी उठली. तिला आजीनं सांगितलेलं. आजी पावणेपाच फुटांची. म्हणजे साडेतीन फूट पाणी. पण त्याच घराचं तिच्या चुलतभावानंही लिहिलं होतं, तेही ‘छातीपर्यंत’च, त्याला त्याच्या वडिलांनी सांगितलेलं, आणि वडील चांगले सहा फुटी. एका घरात एका पुराचे एक फुटानं वेगळे दोन आकडे, आणि दोघंही खरं बोलतायत! मोजमाप म्हणजे काय, ते का करायचं, हे मी त्या दिवशी शिकवलं नाही. मुलं त्यावरच भांडत होती, मी ऐकत होते.

पुढच्या रविवारी सगळे सुताराची टेप घेऊन बाहेर पडले. अट एकच : भिंतीवरची पुराची रेघ आणि टेपचा आकडा, दोन्ही एकाच फोटोत दिसले पाहिजेत. नव्या रंगाखाली ती रेघ अजून पुष्कळ घरांत आहे. जिथं रंग दिलाय तिथं पोपडे धरतात, तेही त्या उंचीपर्यंतच.

मग दुसरं भांडण. एका पोराच्या घरी सात फूट, तिथून तीनशे पावलांवरच्या मुलीकडं दोन फूट. “कुणीतरी ठोकून दिलंय, मॅडम.” बरं, 2019 च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरचा आकडा तर सगळ्या सांगलीला एकच होता, 57 फुटांच्या वर. आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, 40 फूट इशारा पातळी, 45 धोका पातळी. 1929 च्या त्या पुलावर जाऊन पट्टीवरचं पाणी बघून येणं हा सांगलीकरांचा पावसाळी धर्मच आहे. पण हे 57 फूट मोजायचे कुठून, याचा विचार वर्गात कुणीच केला नव्हता. पाण्याची पाठ जवळजवळ सपाट असते, जमीन तशी नसते. तुझं घर खोलगटात आहे, तिचं उंचवट्यावर. हे बोलून मी फळ्यावर समोच्च रेषा काढल्या. वीस वर्षं त्याच रेषा काढत होते. त्या दिवशी पहिल्यांदा मुलं त्यात आपापलं घर शोधत होती.

सगळी मापं गुगल शीटमध्ये भरली आणि गुगल माय मॅप्समध्ये टाकली. हे फुकट आहे आणि एका थरात दोन हजार ओळी घेतं, म्हणजे आपल्याला उदंड. नकाशा फोनवर बघता येतो, पण तयार करायला प्रयोगशाळेतला संगणकच बरा. नकाशा उघडला तर आमची अकरा घरं सांगलीत नाहीतच! शोधता शोधता सापडली नॉर्वेच्या उत्तरेला, पार थंडगार समुद्रात. काय झालं होतं, तर सांगली साधारण 16.85 उत्तर अक्षांशावर आणि 74.58 पूर्व रेखांशावर. एका गटानं हे दोन रकाने उलटे भरले होते. अक्षांश आधी की रेखांश आधी, हे त्या वर्गातलं एकही पोर आता मरेपर्यंत विसरणार नाही. ही चूक तुमच्या वर्गात होईलच. झाली की लगेच दुरुस्त करू नका, आधी पोरांना घरं शोधू द्या.

आणि माझा गाढवपणाही सांगून टाकते. शीटमध्ये मी घरमालकाचं नाव आणि मोबाइल नंबर असे दोन रकाने ठेवले होते आणि नकाशाची लिंक सगळ्यांना खुली केली होती. तिसऱ्या दिवशी एका काकांचा फोन, “बाई, माझा नंबर जगाला कशाला वाटताय?” अगदी बरोबर होतं त्यांचं. त्याच रात्री ते रकाने काढले, घरी जाऊन माफी मागितली. नाव-नंबर गोळा करूच नका, गल्लीचं नाव पुरतं. आणखी एक. काही घरांत विचारायचंच नसतं. 2019 च्या पुरात ब्रह्मनाळ गावात बोट उलटून माणसं गेली. त्या बाजूची मुलं माझ्या वर्गात होती. त्यांना मी वेगळं काम दिलं, आणि ते का, हे वर्गात बोलले नाही.

आता तुमचं. तुमच्याकडं कोयना आहे, सर! 11 डिसेंबर 1967, पहाटेचे 4 वाजून 21 मिनिटं, कोयनेचा भूकंप. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं माणूस आज सत्तरीच्या आसपास आहे आणि तुमच्या विद्यार्थ्यांच्या घरात बसलंय. धरणाच्या जलाशयामुळं भूकंप होतो का, या चर्चेत जगभर ज्या जागेचं नाव घेतात, तिथली ही मुलं. आणि भूकंप शिकतात ते पाठ्यपुस्तकातल्या जपानवरून. मर्केली मापनश्रेणी तुम्ही शिकवताच. तिच्या बारा पायऱ्या कशावर बेतल्यात? माणसांना काय जाणवलं, घरांचं काय झालं, यावरच. चौथीला भांडी खडखडतात, पाचवीला झोपलेली माणसं जागी होतात, आठवीला कच्च्या घरांच्या भिंती कोसळतात. म्हणजे आजीची आठवण हेच तिथं उपकरण. मुलांना विचारायला लावा : जाग कशानं आली, आधी काय पडलं, गोठ्यातली जनावरं काय करत होती, किती रात्री अंगणात झोपलात? उत्तरावरून मुलांनी पायरी ठरवायची आणि गावागणिक नकाशावर टाकायची. दोन शेजारणींच्या आठवणी जुळणार नाहीत. न जुळोत! एवढ्या वर्षांत आठवणीवर किती पुटं चढली असतील, यावरच एक तास जाईल.

कहूट वाईट नाही. तासाची पहिली सात-आठ मिनिटं झोप उडवायला झकास. पण त्यात वेगाला गुण असतात, त्यामुळं सावकाश विचार करणारं पोर तिसऱ्या फेरीत फोन पालथा घालतं. त्यापेक्षा हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी 1990 च्या दशकात रुजवलेली रीत मला आवडते, आणि तिला फोनही लागत नाही. अवघडसा एक प्रश्न, चार पर्याय. आधी प्रत्येकानं गप्प बसून उत्तर ठरवायचं आणि हात छातीशी धरून तेवढी बोटं दाखवायची, म्हणजे शेजाऱ्याला दिसत नाही. मग दोन मिनिटं शेजाऱ्याला पटवायचं. मग पुन्हा बोटं. दुसऱ्या वेळी बोटं बदलताना बघायला मला 31 व्या वर्षीही तितकीच गंमत वाटायची.

सीएचबीवाल्याला पैसे तासिकेचे मिळतात, रविवारच्या भटकंतीचे नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून असं काम एका सहामाहीत एकच काढा. तपासायचंही सगळं नाही. टेपचा फोटो किंवा आजीचं एक वाक्य, आणि ‘मला काय चुकीचं वाटत होतं’ यावर पाच ओळी. 58 जणांचं तपासून दोन संध्याकाळी होतं. नॅकची काळजी सोडा. फॉर्म, शीट, नकाशा, फोटो, एवढ्यानं फाइल इतकी जाड होते की पंच लागत नाही.

ॲपचं नाव राहिलंच. गुगल फॉर्म. तुमच्या फोनच्या ब्राउझरमध्येही उघडतं ते.

प्रश्न : मॅडम, मी जत तालुक्यातली, बी. ए. भाग एकला आहे. आमचे सर दर आठवड्याला व्हिडिओ बनवून आणायला सांगतात. घरात एकच स्मार्टफोन आहे, तो दादाकडं असतो. तो कामावरून रात्री नऊला येतो तोवर दिवसाचा डेटा संपलेला असतो. वर्गात सांगायची लाज वाटते. सरांना वाटतं मी आळशी आहे.

उत्तर : अगं, यात तुला लाज वाटण्यासारखं काय आहे? हे सरांनी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. मीही कित्येक वर्षं विचारलं नव्हतं. नंतर पहिल्या तासाला बिननावाची चिठ्ठी घ्यायला लागले : घरात फोन किती, तुझ्या हातात किती वाजता येतो, डेटा किती उरतो. साठातल्या चौदा जणांना फोन रात्री नऊनंतर मिळायचा. तुझ्या वर्गातही तू एकटी नसणार.

सरांना वर्गात काही सांगू नकोस, स्टाफरूममध्ये गाठ. अडचण सांगायची आणि लगेच तोडगाही पुढं करायचा : “सर, व्हिडिओऐवजी आवाज रेकॉर्ड करून दिला तर चालेल का? आणि चौघींचा गट केला तर?” फुल एचडीत एक मिनिटाचा व्हिडिओ शंभर एमबीच्या आसपास जातो, तेवढाच आवाज व्हॉट्सॲपवर एक एमबीतसुद्धा मावतो. सरांना हा हिशेब सांग, पटेल त्यांना.

चौघींत फोन एक, कामं चार. एकीनं माणूस शोधायचं, दुसरीनं बोलतं करायचं, तिसरीनं फोन सांभाळायचा, चौथीनं ऐकून शब्द न् शब्द लिहून काढायचा. पुढच्या वेळी कामं बदलायची. यात सगळ्यात मोठं काम चौथीचं, हे आधीच सांगते. एक मिनिट लिहायला वीस मिनिटं लागतात, कारण माणूस अर्धं वाक्य गिळतो, मध्येच कोंबडीला हाकलतो.

विषय लांब शोधू नका. तुमच्याकडं 1972 चा दुष्काळ पाहिलेली माणसं आहेत. मदत म्हणून मिळणाऱ्या सुकडीची चव कशी होती, मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, भाकरी थापताना तुटायची का, दुष्काळी कामावर खडी फोडायला कुठल्या रस्त्यावर जात होता, एवढे तीन प्रश्न विचारा. ‘दुष्काळाचे परिणाम सांगा’ असं विचारलंत तर आजी म्हणेल, “काय सांगू बाई,” आणि उठून जाईल.

प्रश्न : मी वाईजवळच्या महाविद्यालयात मराठी शिकवतो, निवृत्तीला तीन वर्षं उरली आहेत. प्रकल्पाच्या नावाखाली सगळे चॅटजीपीटीचं आणून देतात. चाळीस वह्या, एकच भाषा, ‘महत्त्वपूर्ण भूमिका’ आणि ‘अनन्यसाधारण महत्त्व’. पुन्हा हस्तलिखित सक्तीचं करावं, असं मनात आहे. आपलं मत काय?

उत्तर : सर, मी करून पाहिलंय. एका मुलानं कृष्णेच्या पुरावरचा निबंध सुवाच्य अक्षरात आणून दिला. प्रत्येक मथळ्याच्या अलीकडं-पलीकडं दोन-दोन चांदण्या काढलेल्या, निळ्या शाईनं, अगदी प्रेमानं. आधी वाटलं, सजावट असेल. मग लक्षात आलं, यंत्रानं ठळक अक्षरांसाठी टाकलेल्या खुणा होत्या, त्या त्यानं जशाच्या तशा उतरवल्या होत्या. हस्तलिखित सक्तीचं केलंत तर पोरांची मनगटं दुखतील, दुसरं काही होणार नाही.

मी उलटं केलं. यंत्राचं उत्तर आणायलाच सांगितलं, लाल पेनानं तपासून. विषय दिला सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं. उत्तर आलं ते गोड भाषेत, आणि त्यात पेव म्हणजे धान्याचं कोठार, जमिनीवर बांधलेलं! मुलं हरिपूरला गेली. तिथल्या म्हाताऱ्यांनी समजावलं : पेव खाली असतं, जमिनीच्या पोटात, तोंड अरुंद, आतला पसारा मोठा, उघडल्या उघडल्या माणूस आत सोडत नाहीत, आधी हवा खेळू देतात, नाहीतर जीव जातो. 2005 च्या पुरात बरीच पेवं पाण्यानं वाया गेली, हेही कळलं. एका मुलीनं यंत्राच्या वीस ओळींत तेरा दुरुस्त्या केल्या आणि समासात लिहिलं, ‘याला कुणी आत उतरवलेलं दिसत नाही.’ दहापैकी दहा दिले.

आणि तुम्ही तर वाईजवळ राहता! तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी जिथं बसून मराठी विश्वकोश उभा केला, 1976 ला पहिला खंड काढला, ते गाव तुमच्या उंबऱ्याशी. विश्वकोशाच्या नोंदी आता फोनवर फुकट वाचता येतात. एक नोंद विश्वकोशातली आणि त्याच विषयावरचं उत्तर यंत्राचं, दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. कुठल्या वाक्याला आधार आहे, कुठलं नुसतंच गुळगुळीत आहे, हे मुलांना शोधू द्या. ‘अनन्यसाधारण’ ज्याच्या लिखाणात सापडेल त्यानं वर्गाला चहा पाजायचा, असा नियम मी केला होता. पंधरवड्यात शब्द गायब झाला. मला स्वतःला दोनदा पाजावा लागला.

प्रश्न : मी तासगावचा द्राक्ष बागायतदार. मुलगी बी. कॉम.ला आहे. बेदाण्याच्या मार्केटिंगवर कॉलेजला पोस्टर द्यायचंय म्हणून चार दिवस फोनवर कॅन्व्हा की काय त्यात रंग भरत बसली. हा अभ्यास का खेळ? आणि पोस्टरवर चित्र काय, तर उघड्या रानात जमिनीवर उन्हात पसरलेली द्राक्षं! आमच्याकडं असं कोण वाळवतं? त्या पोस्टरला कॉलेजात पहिला नंबर मिळाला.

उत्तर : दादा, चूक तुम्हाला दिसली, परीक्षकांना दिसली नाही. म्हणजे ते पोस्टर चुकीच्या माणसांना दाखवलं गेलं.

मुलीला रागावू नका. उद्या शेडवर घेऊन जा. रॅकवरची जाळी, सावली, द्राक्षं बुडवायचं डिपिंगचं द्रावण, वाळायला लागणारे दिवस, प्रतवारी करणाऱ्या बायका, सगळं तिच्या फोनमध्ये तिलाच टिपू दे. एका किलो बेदाण्याला द्राक्षं किती लागतात आणि सौद्यात दर कसा फुटतो, ते तिच्याच हातानं लिहून घ्या, बी. कॉम.ची आहे, नफा-तोटा तिनंच काढायचा. मग नवं पोस्टर करू दे आणि ते शेडच्या दारावर लावा. बायकांनी वाचून मान डोलावली तर ठीक, हसल्या तर पुन्हा करायला लावा.

दुसरं पोस्टर झालं की त्याचा फोटो मला जरूर पाठवायला सांगा.